हिरकणीला कडा उतरायला कुणी शिकवलं?

हिरकणीची गोष्ट मराठी माणसाला नव्यानं सांगावी लागत नाही. कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली वाडीत भुकेलं तान्हं लेकरू आणि रात्रीच्या अंधारात तिनं उतरलेला तो कडा. दुसऱ्या दिवशी तिला महाराजांपुढे आणतात तेव्हा तिच्या अंगभर ओरखडे असतात. महाराज तिचा साडीचोळी देऊन सत्कार करतात आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधून घेतात. ही गोष्ट आपण इतकी आपलीशी केली आहे की एसटीच्या निमआराम गाडीला हिरकणीचं नाव आहे, स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत बाळाला पाजण्यासाठी राखलेल्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात, आणि रायगडाच्या रोपवेचं खालचं ठाणं ज्या वाडीत आहे ती हिरकणीवाडी.

एवढ्या सगळ्या सांगण्यात ती कडा उतरली याचं कारण मात्र एकच दिलं जातं: आईची माया. माया होतीच. ती नसती तर बाई त्या काठाशी गेलीच नसती. पण मायेनं कडा उतरता येत नाही. गडाखालच्या वाड्यांमध्ये जीव टाकणाऱ्या आया घरोघरी असणार, त्यांतल्या प्रत्येकीला हे जमलं असतं असं नाही. दव पडलेल्या गवतावर भार कसा टाकायचा, कुठला कातळ पायाला धरतो आणि कुठला निसटतो, करवंदीची जाळी किती ओढ सहन करते, उतरताना तोंड डोंगराकडे कधी ठेवायचं आणि पाठ कधी टेकायची, हे अंगात मुरलेलं असावं लागतं. हिरकणी दुधाचं ओझं डोक्यावर घेऊन रोज गड चढत होती. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून जास्त आहे. त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर तिची गुरं चरत असणार, तिथलंच गवत ती कापत असणार, तिथलाच लाकूडफाटा आणत असणार. तो कडा किल्लेदाराला दुर्गम होता. तिच्या तो रोजच्या वावरातला होता. गोष्ट जसजशी पुस्तकांतून आणि भाषणांतून फिरली तसतसं तिचं हे डोंगराचं ज्ञान गळत गेलं आणि मागे उरलं फक्त व्याकूळ मन.

अंगात विलक्षण ताकद, वेग, चिवटपणा असलेल्या माणसांच्या कथा महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्या जपायला हव्यात असं सगळेच म्हणतात. माझं म्हणणं असं की आपण त्या चुकीच्या टोकानं जपतो आहोत. आपण चमत्कार जपतो आणि त्यामागचं काम टाकून देतो. शाळेच्या पुस्तकात, किल्ल्यावरच्या फलकावर, ग्रामपंचायतीनं छापलेल्या गावाच्या इतिहासात या कथा येतात तेव्हा ताकदीचं श्रेय देवाला, दुधातुपाला, रक्ताला किंवा मायेला जातं. ज्या रोजच्या श्रमानं आणि सरावानं ते शरीर घडलं त्याला कुठेच जागा मिळत नाही. ते श्रेय परत द्यायला हवं, आणि ते देण्याचं काम आपल्याच पिढीला करावं लागेल, कारण त्या श्रमाची माहिती असलेली माणसं झपाट्यानं कमी होत आहेत.

हिरकणीबद्दलचा नेहमीचा वाद दुसराच असतो. ती खरोखर होऊन गेली का? समकालीन कागदपत्रांत तिचा उल्लेख मिळत नाही. एक बाजू म्हणते, मग ही भाकडकथा आहे, ती मुलांना शिकवू नका. दुसरी बाजू म्हणते, बुरूज उभा आहे, आणखी कसला पुरावा हवा? या भांडणात दोघांच्याही हातून मोलाची गोष्ट निसटते. दूध घालणाऱ्या बाईचं नाव दप्तरात लिहायचं कारण कुणालाच नव्हतं. तिच्यासारख्या माणसांची नोंद होण्याची जागाच मुळी लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट ही होती. म्हणून गोष्टीला पुराव्याच्या फूटपट्टीनं मोजून फेकून देणं हा अन्याय आहे. पण तीच गोष्ट सनावळीसकट इतिहास म्हणून फलकावर कोरणं हाही तेवढाच अन्याय, कारण मग तिच्यात काही शोधायचं उरत नाही. ‘लोकांमध्ये अशी कथा सांगितली जाते’ एवढं एक प्रामाणिक वाक्य लिहिलं तर फलकाची उंची कमी होत नाही. उलट वाचणाऱ्याला प्रश्न विचारायला वाट मोकळी होते.

कोंढाण्याची गोष्ट घ्या. १६७० सालची ४ फेब्रुवारीची रात्र, तानाजी मालुसरे, आणि कड्याला चिकटून दोर वर नेणारी यशवंती घोरपड. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यानं ही घोरपड घरोघरी पोचवली. ती आधी मागे फिरते, तानाजी तिला दटावतो, मग ती वर जाऊन नख्या रोवते, आणि मावळे दोरावरून चढतात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण सभासदाची बखर याच प्रसंगाबद्दल वेगळं सांगते. तिच्यात घोरपड नाही. तिथे दोन मर्दाने मावळे निवडून काढले जातात, ते वानरासारखे कडा चढून जातात आणि वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, सोडतात, मग बाकीचे चढतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस, महाराजांच्या दरबारात वावरलेल्या माणसानं लिहिलेलं हे आहे.

मला या दोन सांगण्यांतला फरक फार टोचतो. पूर्ण वाढलेली घोरपडसुद्धा काही किलोंचीच असते. तिच्या नख्यांवर एकामागून एक हत्यारबंद माणसं चढू शकत नाहीत, हे डोंगरात राहणाऱ्या कुणालाही कळतं. वर कुणीतरी माणूस आधी गेला असणार, त्यानं दोर बांधला असणार. माघातल्या थंडीच्या रात्री, शत्रूच्या पहाऱ्याखाली, दोराशिवाय कडा चढणारी ती दोन माणसं त्या मोहिमेतली सर्वांत विलक्षण शरीरं होती. ती कुठल्या गावची, लहानपणी कुठल्या कड्यावर मधाची पोळी काढायला चढायची, जात कुठली, पुढे त्यांचं काय झालं, काहीच आपल्याला माहीत नाही. घोरपडीला मात्र नाव आहे. पुढे १६७३ साली कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, तिथेही रात्रीचा कडा आणि तिथेही चढणारे हात. सह्याद्रीत कडा चढणं ही एक विद्या होती, ती काही समाजांच्या पोटापाण्याच्या कामातून तयार झाली होती, आणि मराठी राज्याच्या युद्धकलेचा ती कणा होती. हे वाक्य मी शाळेच्या पुस्तकात कधी वाचलं नाही.

या घोरपडीच्या कथेला आणखी एक शेपूट आहे आणि ते जिवावर बेतणारं आहे. घोरपडीच्या अंगात अचाट बळ, म्हणून तिचं मांस खाल्लं, तिचं तेल चोळलं की माणसातही ते येतं, अशी समजूत आजही आहे. तिच्या नराचं जननेंद्रिय वाळवून ‘हत्था जोडी’ नावानं, वनस्पतीचं मूळ म्हणून विकलं जातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही हा प्राणी मारला जातो. बळ खाऊन मिळतं, चोळून मिळतं, गंडा बांधून मिळतं, असं मानलं की कुणाच्या तरी अंगातून ते काढून घेण्याची भाषा सुरू होते. सरावानं मिळतं असं मानलं की तालीम उभी राहते.

तालमीचीच एक कथा इथे मुद्दाम सांगतो, कारण ती उलट्या टोकानं जपली गेली आणि म्हणून जगली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यात आले. त्यांचं आव्हान घ्यायला कुणी धजेना. बाळंभटदादा देवधर नावाच्या कोवळ्या पोरानं ते घेतलं, तयारीला मुदत मागितली आणि सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन उपासना केली. तिथे त्याला दृष्टान्त झाला, वानरांच्या हालचालींतून लाकडी खांबावरचे डाव दिसले, आणि परत येऊन त्यानं गुलाबला चीत केलं. अलीनं मग कुस्तीच केली नाही. कथा म्हणून पाहिली तर हीही दैवी साक्षात्काराचीच. पण बाळंभटदादांनी देवीचं नाव सांगून ते बळ स्वतःपाशी ठेवलं नाही. त्यांनी शिष्य घडवले, दामोदरगुरू मोघ्यांसारखी माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली, आणि मल्लखांब आखाड्याआखाड्यांत गेला. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल: एकेका उडीला आणि पकडीला नाव आहे, क्रम आहे, शिकवण्याची रीत आहे. खांब सागवानाचा किंवा शिसवाचा का, त्याला एरंडेल का चोळायचं, मांड्यांची पकड कुस्तीत कुठे उपयोगी पडते, हे सांगता येतं. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो, तेव्हा ही विद्या त्या दृष्टान्ताहून जुनी आहे हे उघड आहे. तरी ती कथा मला खोटी वाटत नाही. एका तरुणानं डोंगरात एकांतात बसून जुन्या कसरतीची नव्यानं बांधणी केली, एवढं तिच्या पोटात नक्की असावं. आज दहा वर्षांची मुलगी मल्लखांबावर चढते तेव्हा ती त्या कथेचा पुरावाच देत असते. चमत्कार सांगितला तरी चालेल, पण त्याला लागून रीत सांगितली गेली पाहिजे.

रीत सांगितली नाही की आकडे वाढत जातात. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक दगड आहे. गामा पैलवानानं १९०२ साली तो उचलला आणि त्याचं वजन १२०० किलो, असं सांगितलं जातं, छापलं जातं, पुन्हा पुन्हा पसरवलं जातं. जगातल्या सर्वांत बलवान माणसांनी, हाताला धरायला गज असताना, अनेक वर्षांच्या तयारीनंतर जमिनीवरून ५०० किलो वजन पहिल्यांदा उचललं ते २०१६ साली. गुळगुळीत दगड त्याच्या दुपटीहून अधिक वजनाचा कुणी उचलत नसतो. आणि गामाला या आकड्याची गरजच नव्हती. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्कोसारखा कसलेला पैलवान त्याच्यापुढे तास न् तास मातीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. १९२८ साली पतियाळात तोच झिबिस्को एका मिनिटाच्या आत चीत झाला. एवढा मोठा नोंदलेला पराक्रम ज्याच्या नावावर आहे, त्याची ओळख आपण एका अशक्य आकड्यानं करून देतो. मग शंकेखोर माणूस तो आकडा तपासतो आणि सगळा गामाच मोडीत काढतो.

स्कॉटलंडमध्ये डोनाल्ड डिनी नावाच्या पैलवानाची अशीच एक गोष्ट आहे. त्यानं १८६० साली दोन दगड दोन हातांत धरून एका पुलाच्या रुंदीभर नेले. ते दगड जपले गेले, त्यांचं वजन झालं. दोन्ही मिळून सुमारे ३३२ किलो भरतात. आकडा छोटा आहे, पण खरा आहे, म्हणून आज जगभरचे बलवान लोक तिथे जाऊन ते उचलून पाहतात आणि बहुतेकांना कळतं की डिनी काय होता. आइसलँडच्या एका किनाऱ्यावर चार दगड पडलेले आहेत, २३, ५४, १०० आणि १५४ किलोंचे, प्रत्येकाला नाव आहे. कोळ्यांच्या नावेवर कुणाला घ्यायचं ते त्या दगडांवर ठरायचं. ५४ किलोचा उचलता आला नाही तर नावेवर जागा नाही. वादळात वल्ही मारायला अंगात किती जोर लागतो हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं, म्हणून दगडांचं माप होतं आणि दगडांच्या कथांनाही माप होतं.

आपल्याकडे असे दगड नाहीत का? मारुतीच्या देवळापुढे, तालमीच्या अंगणात, पारावर गोल गोटे पडलेले असत. जत्रेत गडी ते छातीला लावायचे, खांद्यावर घ्यायचे, पाठीमागे टाकायचे. अमक्यानं तो गोटा खांद्यावर घेऊन देवळाला फेरी मारली, ही गोष्ट त्या गोट्याला चिकटलेली असते. देवळांचे जीर्णोद्धार होतात, फरशी बसते, आणि गोटा चौथऱ्यात गाडला जातो किंवा शेंदूर फासून त्याचाच देव होतो. एक वजनकाटा आणि एक दुपार, यापेक्षा जास्त खर्च त्याला नाही. गोटा मोजावा, आकडा लिहावा, कोण उचलायचं आणि कसं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्यावं. आकडा ऐंशी किलोचा निघाला तर निघू दे. धरायला कडा नसलेला ऐंशी किलोचा गोल दगड जमिनीवरून खांद्यावर घेणारा माणूस कुठल्याही काळात दुर्मीळच.

तलवारींबद्दलही हेच. अमक्या सरदाराची तलवार चाळीस किलोची होती अशी वाक्यं मोबाइलवर सारखी फिरतात. लढाईतली तलवार साधारण किलो-दीड किलोची असे, कारण ती तासभर फिरवायची असते. ती फिरवताना मनगट किती वेळ टिकतं यातच खरा पराक्रम होता. वजन फुगवणाऱ्याला मनगटाबद्दल काही माहीत नसतं.

ताकदीच्या कथांमध्ये कुणाला नाव मिळतं, हाही प्रश्न मला सोडत नाही. १६६० च्या जुलैमधली ती पन्हाळ्याची रात्र आठवा. मुसळधार पाऊस, चिखल, सिद्दीचा वेढा, आणि विशाळगडाकडे धावणारी पालखी. बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, शिवा काशीदानं महाराजांचा वेश घेऊन मरण पत्करलं, त्या दोघांना आपण हात जोडतो आणि जोडलेच पाहिजेत. पण त्या पन्नास-साठ किलोमीटरच्या डोंगरवाटेवर खांद्यावर पालखी घेऊन धावलं कोण? भोई. खांदा बदलायचा तो चालता चालता, झोकांडी जाऊ द्यायची नाही, पुढच्यानं पायाखालचा खड्डा मागच्याला आवाजानं सांगायचा, श्वास सगळ्यांचा एका लयीत. पालखी वाहणं ही पिढ्यान् पिढ्यांची शिकलेली कसरत होती. आज हौशी लोक पावसाळ्यात दोन दिवस लावून ती वाट चालतात आणि पाय सुजवून घेतात. ज्यांनी ती एका रात्री-दिवसात ओझ्यासकट कापली त्यांच्यासाठी कथेत एकही ओळ नाही.

इथे कुणी म्हणेल, ताकदीच्या कथा वीरांच्याच असणार, मजुरांच्या कशा असतील? असतात. गावात बसून ऐका. बैल मेला तेव्हा जुवाला खांदा देऊन पेरणी पुरी करणारा गडी, बाजाराला जाताना दोन पोती एकदम उचलणारी बाई, पुरात पोहून पलीकडून सुईण आणणारा पोरगा, एका दिवसात दोन मुक्कामांची वाट चालून निरोप पोचवणारा जासूद. या कथा आहेत, फक्त त्या फलकावर येत नाहीत. आणि त्या नुसत्या कौतुकानं ऐकून चालणार नाही, कारण त्यांच्यात त्या शरीराला काय भोगावं लागलं हेही दडलेलं असतं.

मार्केट यार्डातल्या हमालाच्या पाठीवर शंभर किलोचं पोतं हे दृश्य आपल्या वडिलांच्या पिढीनं रोज पाहिलं. ते अचाट होतं यात शंका नाही. फळीवरून तोल सांभाळत, आकड्यानं पोतं ओढून पाठीवर घेऊन थप्पी लावणं हे कसब आहे. पण त्याच हमालांच्या संघटनांना पोतं पन्नास किलोचं करा म्हणून वर्षानुवर्षं मागणी करावी लागली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ सालीच पुरुषानं वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला आणि डोक्या-पाठीवर ओझं वाहणाऱ्याला कामगार म्हणून ओळख मिळाली. ‘आमच्याकडचा अमका एकटा दोन पोती न्यायचा’ ही गोष्ट या पार्श्वभूमीवर ऐकली की तिच्यात कौतुकाच्या बरोबरीनं दुसरंही ऐकू येतं. तो दोन पोती का न्यायचा? मजुरी नगावर मिळत होती म्हणून. पन्नाशीला त्याच्या मणक्याचं काय झालं? ते गोष्ट सांगत नाही, आणि ते आपण विचारलं पाहिजे.

जुन्या माणसांच्या ताकदीचं गाणं गाऊन आताच्या माणसाला हिणवणं हा या कथांचा सर्वांत वाईट वापर आहे. ‘तेव्हाची माणसं सात फुटी, आताची पोरं कुचकामी.’ गेल्या शंभर वर्षांत भारतीयांची सरासरी उंची थोडी का होईना, वाढलेलीच आहे. दुष्काळ, पटकी, प्लेग यांतून जी माणसं तगली त्यांच्याच आठवणी आपल्यापर्यंत आल्या, बाकीच्यांच्या कथा झाल्याच नाहीत. आणि अचाट शरीरं आज नाहीत असं कोण म्हणतं? बीडकडून निघालेल्या ऊसतोड जोडप्याला जाऊन पाहावं. पहाटेपासून तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन, उभ्या शिडीवरून ट्रकवर चढणारी बाई कुठल्याही दंतकथेतल्या बाईच्या तोडीची आहे. तिच्या बाबतीत मात्र आपण कथा सांगत नाही. तिच्याबद्दलची मोठी बातमी झाली ती २०१९ साली, जेव्हा बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. काम बुडू नये, खाडा पडून दंड बसू नये, म्हणून बायका या शस्त्रक्रियांना तयार होतात असं तेव्हा पुढे आलं. ताकदीच्या कथेत ताकदीची किंमत नसली तर त्या कथेचा उपयोग राबवून घेणाऱ्याला होतो.

बायकांच्या कथांत आणखी एक गोष्ट सारखी दिसते. बाईच्या ताकदीला कथेत प्रवेश मिळतो तो आई किंवा बायको म्हणूनच. लेकरासाठी कडा उतरली, नवऱ्यासाठी धावली, अब्रूसाठी उडी घेतली. मौजेनं, जिद्दीनं, पैज लागली म्हणून झाडावर चढलेली बाई कथेत क्वचितच भेटते, आणि भेटली तर ती राक्षसीण नाहीतर वेडी ठरते. आताही एखादी साठीची बाई नऊवारीत अनवाणी शर्यत धावून जिंकते तेव्हा मथळ्यात नवऱ्याचं आजारपण आधी येतं आणि तिच्या पायांतला दम नंतर. तो दम शेतमजुरीतून आला, हे तर येतच नाही.

हे सगळं कसं नोंदवायचं याचा नमुना आपल्यापाशी तयार आहे आणि तो बायकांच्याच श्रमातून आलेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जाऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपलं. ‘एक लोकगीत’ म्हणून ती बाई नाहीशी झाली नाही. सरोजिनी बाबरांच्या पुढाकारानं लोकसाहित्य समितीनं त्याआधी केलेलं संकलनही असंच मोलाचं. जातं ओढणं हे मनगटाचं आणि खांद्याचं काम, पहाटे सुरू होणारं, रोजचं. ओव्यांमध्ये त्या श्रमाची लय आहे, घाम आहे, माहेरच्या आईनं दिलेल्या बळाचा अभिमान आहे. काम आणि कथा तिथे एकमेकांपासून सुटलेली नाहीत.

असंच काम ताकदीच्या कथांसाठी व्हायला हवं आणि त्याला मोठ्या संस्थेची वाट पाहायची गरज नाही. सातवी-आठवीच्या मुलांना प्रकल्प म्हणून द्यावं. गावातली अशी कथा शोधा, दोन-तीन माणसांकडून वेगवेगळी ऐका, फरक पुसू नका. सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीनं लिहा. मग विचारा: कथेतला माणूस पोटासाठी काय करायचा? हे अंगात यायला त्याला किती वर्षं लागली असतील? कुणी शिकवलं? खायला काय मिळायचं? म्हातारपण कसं गेलं? कथेतली जागा, दगड, विहीर, कडा अजून आहे का? असेल तर मोजा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. असं खोदून विचारलं तर गोष्टीतला रस मरेल, मुलांच्या डोळ्यांतलं आश्चर्य जाईल. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मल्लखांबाच्या मैदानावर दिसतं. खांबाला एरंडेल का लावतात हे कळलेलं मूल वरच्या टोकाशी एका अंगठ्यावर तोललेल्या पोरीकडे जास्त वेळ पाहतं, कारण त्यात किती कठीण काय आहे ते त्याला समजलेलं असतं. घोरपडीची गोष्ट सांगावीच, पोवाडा म्हणावाच, डफ कडाडलाच पाहिजे. त्यानंतर बखरीतले ते दोन बिननावाचे मावळेही सांगावेत. मुलं स्वतःहून विचारतील, ते वर कसे गेले? मग त्यांना जवळच्या कातळापाशी, दोर आणि जाणता माणूस बरोबर घेऊन, पाच फूट चढून पाहू द्यावं.

किल्ल्यांवरचे फलक सध्या अनेक ठिकाणी नव्यानं लागत आहेत, गावांच्या स्मरणिका निघत आहेत, पाठ्यपुस्तकं बदलत आहेत. जे लिहिलं जाईल ते पुढची कित्येक वर्षं तसंच राहील. पन्हाळ्यावरून जिथे पालखी निघाली असं मानतात तिथे भोयांसाठी एक ओळ लिहायला जागा आहे. कोंढाण्याच्या कड्यापाशी त्या दोघा मावळ्यांसाठी आहे. मार्केट यार्डात, जिथे थप्प्या लागल्या, तिथे जुन्या हमालांना बसवून त्यांचं ऐकून घ्यायला अजून वेळ आहे, पण फार नाही. शंभर किलोची पोती वाहिलेले बरेच जण आता सत्तरीच्या पुढे आहेत.